भुईआवळ्याचे बहात्तर फोटो

मंडळाचा मेसेज आला तेव्हा भावना एका झुमक्याचे फोटो काढत होती. चौदा झाले होते, सहा राहिले होते. मेसेज वाचून तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि राहिलेले सहा काढून घेतले. मध्येच थांबली असती तर आधीचे चौदाही फुकट गेले असते.

मग ती गाळ्याबाहेर आली, एका उभ्या कंटेनरच्या सावलीत थांबली आणि मेसेज पुन्हा वाचला. ‘आपले “भुईआवळा” हे छायाचित्र बनावट असल्याचे परीक्षकांचे मत झाल्याने ते निसर्ग विभागातून अपात्र ठरविण्यात येत आहे.’ खाली शहरातल्या छायाचित्रकार मंडळाचे सचिव अफजल मोमीन यांचं नाव.

अपात्र हा शब्द तिला फारसा लागला नाही. दिघाशीच्या लडकू भोईरांच्या या मुलीला तो शब्द नवा नव्हता. नर्सिंगच्या प्रवेशाला दीड टक्का कमी पडला तेव्हा तो ऐकला होता, बँकेच्या परीक्षेला दोनदा ऐकला होता. लागला तो बनावट हा शब्द.

गेली सहा वर्षं ती पूर्ण्याच्या गोदामांच्या रांगेत शादाबच्या गाळ्यात कामाला होती. ऑनलाइन विकायच्या मालाचे फोटो काढायचे, हे काम. बांगड्या, नथी, झुमके, घड्याळं. आधी ती नुसता माल पुसून टेबलावर मांडायची. फोटो काढणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा शादाब म्हणाला, तू करून बघ. तिनं करून बघितलं आणि पुन्हा दुसरा माणूस शोधायची वेळ शादाबवर आली नाही.

जवळून फोटो काढताना कॅमेऱ्याची नजर फार पातळ होते, हे ती तिथंच शिकली. माणूस दहा पावलांवर असला तर डोक्यापासून पायापर्यंत स्पष्ट येतो. झुमका वीतभर अंतरावर आला की पुढचा मोती स्पष्ट आणि मागची कडी धुरकट. कडी पकडली की मोती गेला. म्हणून एकाच झुमक्याचे वीस फोटो काढायचे. पहिल्यात सगळ्यांत पुढचा भाग, मग कॅमेरा किंचित पुढं सरकवायचा, दुसऱ्यात त्याच्या मागचा, असं करत पार कडीपर्यंत जायचं. नंतर कॉम्प्युटर प्रत्येक फोटोतला तेवढाच स्पष्ट भाग उचलतो आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो करतो. फोकस स्टॅकिंग म्हणतात त्याला. आईला समजावताना भावनानं पापडांच्या चवडीचं उदाहरण दिलं होतं. एकेक पापड पातळ, पण चवड केली की उंची कळते.

आईलाच दाखवायचं म्हणून भुईआवळ्याचा फोटो काढायचं तिच्या मनात आलं होतं. गावात कुणाला कावीळ झाली की लोक आईकडं, ठकुबाईकडं, भुईआवळा मागायला यायचे. तो अंगणात, कुंपणाच्या कडेला, कुठंही उगवायचा. श्रावणात एकदा आईसाठी तो उपटताना भावनानं एक काडी उलटी करून बघितली. पानांच्या खालच्या बाजूला हिरव्या गोळ्यांची रांग होती आणि त्या गोळ्यांच्या मधोमध, टाचणीच्या टोकाएवढं, काहीतरी पांढरट.

“आई, याला फूल पन येतंय.”

“भुईआवल्याला कुठला फूल? त्याला खाली गोल्या असतान. बस.”

“यो बग ना.”

ठकुबाईनं काडी डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. “माजा डोला न्हाय पोचत तिथं,” म्हणाली आणि जुडी बांधायला लागली.

जिनं उभा जन्म हे झाड उपटलं, लोकांना वाटलं, तिनं त्याचं फूल बघितलं नव्हतं. भावनाला ते सहन होईना.

गाळ्यातला कॅमेरा सरकवायचा पाटा झुमक्यापुरता ठीक होता. दोन मिलिमीटरच्या फुलाला तो चालणार नव्हता. हातानं कितीही हळू सरकवला तरी अर्धं फूल ओलांडून पुढं जायचा. त्यावर उपाय काढला तो इद्रीस चाचांनी. चाचा शादाबचे मामा, सगळं आयुष्य लूमची, म्हणजे यंत्रमागांची, दुरुस्ती करण्यात गेलेले. स्वतःचे चार लूम होते, ते गेल्या वर्षी भंगारात गेले. भंगारवाला आला तेव्हा चाचांनी काही भाग बाजूला काढून ठेवले होते. त्यातलं एक दातेरी चाक त्यांनी भावनासमोर टेबलावर ठेवलं.

“देख बेटा. लूमवर प्रत्येक आडव्या धाग्याला हे एक दात फिरतं आणि कापड केसभर पुढं जातं. चाळीस वर्षं मी याच्याकडंच बघत आलोय. हे चुकत नाही.”

त्यांनी ते चाक एका लांब स्क्रूला बसवलं आणि स्क्रूवर कॅमेऱ्याची बैठक. चाकाला चाळीस दात, एका पूर्ण फेऱ्यात बैठक एक मिलिमीटर पुढं. म्हणजे एका दाताला मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा. बोटानं दात सरकवला की टक असा आवाज व्हायचा आणि डोळ्यांना काहीही हललेलं दिसायचं नाही. जुनी, हातानं फिरवायची एक लेन्स भावनानं उलटी करून कॅमेऱ्याला लावली. उलटी लेन्स लहान वस्तू फार मोठी करून दाखवते.

बस्तान बसवलं ते चाचांच्या रिकाम्या कारखान्यात. पण गल्लीतले बाकीचे लूम चालू असले की तिथली फरशीसुद्धा थरथरायची आणि त्या थरथरीत फूल वाघासारख्या उड्या मारायचं. म्हणून शुक्रवार ठरला. शुक्रवारी गाळ्याला सुट्टी आणि दुपारी नमाजाच्या वेळी गल्लीतले लूम बंद. तेवढाच काय तो निवांतपणा.

पहिल्या शुक्रवारी तिनं काडी तोडून नेली. पाच मिनिटांत पानं मिटायला लागली, त्यांच्याबरोबर फूलही वळलं आणि सगळे फोटो एकमेकांशी भांडायला लागले. दुसऱ्या शुक्रवारी अख्खं झाड मातीसकट कुंडीत लावून नेलं, तर चाळिसाव्या फोटोला गल्लीत सुताच्या गाठींचा टेम्पो मागं येत उभा राहिला. तिसऱ्या शुक्रवारी जमलं. दात सरकवायचा, तीन सेकंद श्वास धरायचा, मोबाईलवरून बटण दाबायचं. टक, थांब, क्लिक. एकतिसाव्या फोटोला कुठूनशी एक मुंगी आली आणि पाकळीवरून चालायला लागली. फुंकर मारली तर फूल हलणार. भावनानं मुंगीला जाऊ दिलं आणि दात सरकवत राहिली. छत्तिसाव्याला मुंगी देठावरून उतरली. बहात्तराव्याला मागच्या पानाची शीर स्पष्ट झाली, तेव्हा ती थांबली.

पडद्यावर फोटो जुळून आला तेव्हा चाचा तिच्यामागं उभे होते. पाच पाकळ्या, कडेनं पांढऱ्या आणि मधोमध हिरवा पट्टा. आत पिवळे पुंकेसर एकत्र चिकटलेले. शेजारी एक फळ, अगदी आवळ्यासारखं, त्याच्यावर आवळ्याच्याच पुसट रेघा. चाचा पडद्याकडं वाकले. मग म्हणाले, “हे पायाखाली असतं?”

हाच फोटो तिनं मंडळाच्या प्रदर्शनाला पाठवला होता. आईला तो तिथंच, भिंतीवर मोठा झालेला दाखवायचा होता.

मेसेज आला त्याच दिवशी संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन मंडळाच्या कचेरीत गेली. कचेरी म्हणजे सभागृहाच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. आत दोघं होते, सचिव अफजल आणि मुख्य परीक्षक जीवन चौघुले. चौघुले सरांचा शहरात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. फिल्मच्या काळापासूनचा माणूस. गेल्या वर्षी मंडळानं एका खंड्या पक्ष्याला पहिलं बक्षीस दिलं आणि नंतर कळलं की खंड्याच्या चोचीतला मासा भलत्याच फोटोतून आणून चिकटवला होता. गावभर हसं झालं. तेव्हापासून सरांनी नियम केला होता, एक क्लिक, एक फोटो.

“बसा,” सर म्हणाले. “फोटो सुंदर आहे. त्याबद्दल वाद नाही.”

“मग बनावट का लिहिलंत?”

“कारण असा फोटो कुठलाच कॅमेरा काढू शकत नाही. दोन मिलिमीटरचं फूल, आणि पुढच्या पाकळीपासून मागच्या पानापर्यंत सगळं स्पष्ट? असं दिसतच नाही कधी.”

“फूल तसंच आहे, सर. कॅमेऱ्याला ते एका वेळी दिसत नाही, ही कॅमेऱ्याची अडचण. फुलाचा त्यात काय दोष?”

अफजलना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

“मी सगळे बहात्तर फोटो आणलेत,” भावनानं लॅपटॉप उघडला. “एकेक बघा. बाहेरचं काही घातलं असेल तर सांगा.”

“बहात्तर बघून काय होणार? नियम एका फोटोचा आहे.” सरांनी पडद्याकडं बघितलंही नाही.

अफजल मध्ये पडले. माणूस भला होता, त्याला भांडण नको होतं. “आपण असं करू. डिजिटल कला विभागात घेऊ हा फोटो. तिथं स्पर्धा कमी आहे, नंबरही लागेल. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या, की हे चित्र संगणकावर तयार केलेलं आहे.”

“जोडलंय संगणकावर. तयार आमच्या अंगणात झालंय.”

“ताई, शब्दावर कशाला अडता?”

“शब्द तुमचा आहे,” भावना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हात लॅपटॉपवर घट्ट होता. “मी दिवसभर विकायच्या मालाचे फोटो काढते. कड्याला ओरखडा असला तर पुसायला सांगतात, मी पुसते. खडा मंद दिसला तर चमकवायला सांगतात, मी चमकवते. खोटं कशाला म्हणतात ते मला रोजच्या कामातून माहीत आहे. या फोटोत मी तसलं काही केलेलं नाही. निसर्ग विभागात लावा, नाहीतर कुठंच लावू नका.”

“मग कुठंच नाही,” चौघुले सर म्हणाले.

“आणि बनावट हा शब्द?”

“तो परीक्षकांचा अभिप्राय आहे. तो राहील.”

ती जिना उतरून तडक चाचांकडं गेली. चाचा दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी त्या शब्दाचाच समाचार घेतला.

“बनावट? आमच्या धंद्यात तर कापडाची बनावट चांगली आहे असं म्हणतात. हजार धागे एकत्र आले तर ते कापड खोटं होतं काय?”

“त्यांना हे कोण सांगणार, चाचा?”

“सांगून नाही कळत. दाखवावं लागतं.” त्यांनी मान मागं वळवून रिकाम्या कारखान्याकडं बघितलं. लूम गेल्यापासून तिथं नुसती लांबलचक फरशी होती आणि भिंतींवर तेलाचे डाग. “प्रदर्शन किती दिवस आहे त्यांचं?”

“तीन.”

“आणि इथून सभागृह किती लांब? मागची गल्ली. बोल.”

घरी ठकुबाईला हे पटलं नाही. “जाऊं दे ना. त्यांचा हॉल, त्यांचा बक्षीस. मोठ्या मान्सांशी वैर कशाला कराचा?”

“वैर न्हाय करत. फोटो लावतंय.”

“कुनाच्या दारात?”

“त्यांच्याच. मागच्या.”

ठकुबाई आपल्या कामाला लागली. लेकीचा हट्ट तिला लहानपणापासून ठाऊक होता.

बहात्तरचे बहात्तर फोटो भावनानं पोस्टकार्डाएवढे छापून घेतले आणि जुळवलेला शेवटचा फोटो दाराएवढा मोठा. चाचांनी कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ओढली. तारेवर चिमट्यांनी एकेक फोटो, खाली क्रमांक. मोठा फोटो पार शेवटच्या भिंतीवर. त्याच्यासमोर स्टुलावर खरं झाड कुंडीत, आणि कुंडीशेजारी चाचांचं कापडातले धागे मोजायचं भिंग. दाराबाहेर भावनानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. ‘सभागृहातल्या प्रदर्शनातून अपात्र ठरलेला फोटो इथं आहे. बहात्तर तुकड्यांसकट. आत या आणि बनावट कुठं आहे ते दाखवा.’

शादाबनं पाटी वाचून कपाळाला हात लावला. “इतकं तिखट?”

“कमीच आहे,” भावना म्हणाली. त्यानं तिला तीन दिवस सुट्टी दिली आणि स्वतः झुमके काढायला बसला. पहिल्याच दिवशी त्याचे दोन फोन आले, कितवा फोटो झाला ते विसरलो म्हणून.

पहिल्या दिवशी फारसं कुणी आलं नाही. शिफ्ट बदलताना गल्लीतले कारागीर डोकावले. एकजण पहिल्या फोटोसमोर थांबला. “इसमें तो कुछ दिखता ही नहीं, दीदी.” खरंच दिसत नव्हतं. सगळा हिरवा धूर, आणि मधोमध पाकळीचं एक टोक केसाएवढं स्पष्ट. “चलते जाओ,” भावना म्हणाली. तो चालत गेला. दहाव्याला थांबला, विसाव्याला मागं येऊन पुन्हा पंधरावा बघितला, आणि शेवटच्या भिंतीशी पोचला तेव्हा त्यानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली होती. संध्याकाळी तो खोलीवरच्या सहा जणांना घेऊन आला. ते सगळे तारेच्या कडेनं एका रांगेत चालले, दोन लूमांमधल्या चिंचोळ्या वाटेत चालावं तसे.

दुसऱ्या दिवशी सभागृहातले लोक यायला लागले. पाटीची बातमी तिथं पोचली होती. मंडळाचे दोन सभासद येऊन एक फेरी मारून परत गेले. कॉलेजच्या मुलींचा एक घोळका आला, त्यांना प्रत्येक फोटोत कुठला भाग स्पष्ट आहे ते शोधायचा खेळच मिळाला. आणि दुपारी, न सांगता, ठकुबाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसून, रिक्षा करून.

ती पहिल्या फोटोपासून निघाली. घाईनं नाही. प्रत्येकासमोर उभी राहिली. चव्वेचाळिसाव्याशी म्हणाली, “यो आवला. आवल्याची चिरी दिसली.” भावना बाजूला सरली. शेवटच्या भिंतीसमोर आई किती वेळ उभी होती ते तिनं मोजलं नाही. ठकुबाईनं हात वर करून फोटोतल्या फुलावर तळवा ठेवला. तळव्यापेक्षा फूल मोठं होतं.

“यो आपल्या आंगनातला?”

“आपलाच. या कुंडीतला.”

“मंग ह्याला खोटा कोन बोलला?”

“हॉलमधले.”

ठकुबाईनं स्टूल ओढलं आणि कुंडीशेजारी बसली. त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशी ती तिथून हलली नाही. जो येईल त्याच्यासमोर काडी अलगद उलटी धरायची, भिंग हातात द्यायची आणि म्हणायची, “आधी हा बगा. मंग तो बगा. मंग काय बोलाचा तो बोला.” मोठ्या माणसांशी वैर नको म्हणणारी हीच का ती बाई, असं भावनाला एकदोनदा वाटून गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौघुले सर आले. मागं अफजल. सरांनी दारातली पाटी पूर्ण वाचली, चष्मा पुसला आणि पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. कचेरीत जे त्यांनी पडद्यावर बघितलं नव्हतं ते इथं चालत बघावं लागलं. एकतिसाव्याशी ते थांबले. बत्तिसावा, तेहतिसावा, असं छत्तिसाव्यापर्यंत गेले आणि तसेच मोठ्या फोटोशी जाऊन परत आले.

“इथं मुंगी आहे. मोठ्या फोटोत नाही.”

“नाही,” भावना म्हणाली.

“म्हणजे तुम्ही पुसली.”

“काढली. सहा फोटोंत ती सहा जागी होती. कॉम्प्युटरनं सहा डोक्यांची मुंगी केली. तशी मुंगी नसते, म्हणून काढली. तिच्या जागी तिसाव्या आणि सदतिसाव्या फोटोतली पाकळी घेतली. त्यामुळं डावीकडच्या पाकळीची कड थोडी मऊ आली आहे, जवळ जाऊन बघा. खाली लिहिलंय सगळं.”

खाली खरंच लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. सरांनी ते वाचलं. मग म्हणाले, “हाच माझा मुद्दा आहे. तुम्ही ठरवलंत काय ठेवायचं आणि काय काढायचं.”

“हो. आणि काय काढलं ते भिंतीवर टांगलं. तुमच्या हॉलमध्ये एकाही फोटोखाली लिहिलेलं नाही की चौकटीबाहेर काय ठेवलं होतं. विजेच्या तारा असतील, कचरा असेल. फोटो काढणारा सगळाच ठरवतो, सर. मी सांगते, एवढाच फरक.”

ठकुबाईनं तेवढ्यात काडी उलटी करून धरली होती आणि भिंग त्यांच्यापुढं केलं. “आधी हा बगा,” ती म्हणाली. वयानं मोठ्या बाईला नाही म्हणणं सरांना जमलं नाही. ते वाकले, भिंग डोळ्याला लावलं. पुढं झाले, थोडं मागं आले, पुन्हा पुढं झाले. बराच वेळ त्यांची मान कोंबड्यासारखी पुढं-मागं होत राहिली.

“दिसलं का फूल?” भावनानं विचारलं.

“दिसलं. पाच पाकळ्या. आत पिवळं. मागं पान आहे.”

“सगळं एकदम दिसलं?”

मान थांबली. सर वाकलेलेच राहिले.

“तुम्ही मान हलवलीत,” भावना म्हणाली. “पाकळी बघायला पुढं गेलात, पानासाठी आणखी पुढं. आणि मला सांगताना एकच फूल सांगितलंत. मी तेवढंच केलं. माझ्याकडं चाक होतं.”

सरांनी भिंग ठकुबाईच्या हातात परत दिलं, नीट, दोन्ही हातांनी. कमरेला हात लावून सरळ झाले.

“नियम मी एकटा बदलू शकत नाही. सभा लागते.”

“घ्या सभा. मी येते.”

सभा पंधरा दिवसांनी झाली. बारा सभासद, सगळे पुरुष, आणि भिंतीशी खुर्चीवर भावना, जिला मताचा अधिकार नव्हता. अफजलनी ठराव मांडला: जवळून काढलेल्या छायाचित्रांत सगळे मूळ फोटो सोबत दिले तर जोडकाम चालेल. वाद तासभर चालला. कुणी म्हणालं, उद्या लोक आकाशही जोडतील. कुणी म्हणालं, मग मोबाईलसुद्धा आतल्या आत जोडतोच की, ते चालतं कसं? चौघुले सर सगळ्यांत शेवटी बोलले.

“मी ते बहात्तर फोटो चालत जाऊन बघितले. फोटो खोटा नाही. पण आज दार उघडलं तर खंड्याच्या चोचीतला मासाही त्याच दारातून येईल आणि तो ओळखायला आपल्यातल्या कुणाकडं वेळ नाही. मी ठरावाच्या विरोधात आहे.”

हात वर झाले. सात विरुद्ध पाच. ठराव पडला.

भावना उठली. सगळ्यांना वाटलं ती निघाली. ती अफजलच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“सर आत्ता म्हणाले, फोटो खोटा नाही. ते लिहा. मेसेजमधल्या ‘बनावट’च्या जागी.”

अफजलनी चौघुले सरांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली. अफजलनी सभेच्या वहीत लिहिलं आणि वही तिच्याकडं फिरवली. ‘सदर छायाचित्र पूर्णपणे बनावट नसल्याचे मान्य करण्यात आले, तथापि ते नियमात बसत नाही.’

“‘पूर्णपणे’ हा शब्द काढा.”

“अहो, अर्थ तोच आहे.”

“अर्थ तोच असेल तर काढायला काय हरकत आहे?”

मागून कुणीतरी हसलं. अफजलनी शब्द खोडला आणि खोडल्याजागी सही केली. भावनानं ती ओळ पुन्हा वाचली, सावकाश, आणि वही मिटून त्यांच्या हातात दिली. नियमात बसत नाही हे तिला चालण्यासारखं होतं. नियम माणसांनी केला होता, तो माणसांना बदलता येतो.

जिना उतरताना तिला जाणवलं की ती हरली आहे आणि तिला भूकही फार लागली आहे. गल्लीच्या तोंडाशी तिनं वडापाव घेतला आणि उभ्यानंच खाल्ला.

पुढच्या पावसाळ्यात स्पर्धेचं पत्रक पुन्हा निघालं. ‘एका छायाचित्रासाठी एकच क्लिक’ ही ओळ या वेळी ठळक छापली होती. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी भावना चाचांच्या कारखान्यात बसून एका रानगवताच्या तुऱ्याचे फोटो काढत होती. गवताचे परागकोश जांभळे, लोंबते, श्वासानं हलणारे. नमाजाची वेळ जेमतेम पुरली. सगळं जुळल्यावर तिनं तिथंच फॉर्म भरला. विभाग, निसर्ग. छायाचित्राची माहिती या रकान्यात तिनं लिहिलं, ‘एकशे सोळा क्लिक. सगळे सोबत जोडले आहेत.’

चाचा चाकाला तेल घालत होते. “परत नाही म्हणतील.”

“म्हणू देत,” भावना म्हणाली. “पण या वेळी बनावट सोडून काय लिहायचं, त्याचा विचार त्यांना करावा लागेल.”

आणि तिनं फॉर्म पाठवला.